काकांचा डावा पाय

४ जानेवारी

वर्तमानपत्रातलं माझं सदर बंद झाल्यावर पहिला आठवडा मी झोपा काढल्या, दुसऱ्यात कपाटं आवरली आणि तिसऱ्यात नवऱ्याला आवरायला घेतलं. त्यानेच ताईला फोन केला असणार. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि घरात आल्यावरही ते विसरत नाही.

म्हणाली, "शेवटच्या वर्गासाठी एक तास सुरू करतेय, 'पुढे काय'. कॉलेजच्या अर्जासोबत जे पान लिहायचं असतं ते, मुलाखतीत कसं बोलायचं ते, असलं सगळं शिकव."

"अगं, मलाच पुढे काय ते माहीत नाही."

"म्हणूनच तुला विचारतेय. मोकळी आहेस."

इतकी वर्षं लोकांची टर उडवली, आता त्यांच्याच मुलांना मार्गाला लावायचं. हो म्हटलं. घरात बसवत नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही.

७ जानेवारी

खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. हवा गेलेले चेंडू कोपऱ्यात ढकलून टेबल टाकलंय. शिपायाने दारावर 'मार्गदर्शन कक्ष' असा कागद चिकटवला, पण वरची 'आत उड्या मारू नयेत' ही जुनी पाटी तशीच ठेवली. दोन्ही मिळून बरं वाचता येतं.

प्रत्येकाला विचारलं, काय व्हायचंय? अर्धे डॉक्टर, उरलेल्यांतले अर्धे इंजिनिअर, बाकीचे 'बाबा म्हणतील ते'. पहिल्या बाकावरच्या एका हजरजबाब्याने मलाच विचारलं, "तुम्हाला काय व्हायचं होतं, बाई?" त्याला खाली बसवलं.

मागे एक मुलगी बसली होती. चेंडूंच्या कपाटाचं दार उघडत होती, मिटत होती. दाराची एक बिजागरी ढिली आहे, तिच्यात बोट घालून काहीतरी चाचपत होती. मी मनातल्या मनात तिचं नाव बिजागरी ठेवून टाकलं.

"तुझं काय?"

"कृत्रिम पाय बनवायचेत."

वर्ग हसला. मी मात्र पहिल्यांदाच जागी झाले. "का गं?"

"गुडघा वाकतो कसा ते कळतं. थांबतो कसा ते कळत नाही."

"आणखी काही कारण?"

"नाही."

हे शिकवणारी संस्था जवळपास एकच आहे. जागा मोजक्या, निम्मे गुण परीक्षेचे आणि निम्मे मुलाखतीचे. नाही मिळालं तर काय, असं विचारल्यावर म्हणाली, "काकांचं टायरचं दुकान. काउंटरवर बसायचं." दात काढून घ्यायला कुठे जायचं ते सांगावं, त्या आवाजात.

मुलगी बरी आहे. पण सांगण्यासारखं काही नाही तिच्यापाशी.

१३ जानेवारी

'मी हा अभ्यासक्रम का निवडला' या विषयावरची पानं जमा झाली. वाचताना दोनदा उठून खिडकी उघडली, दोनदा लावली. सगळ्यांना लहानपणापासून आवड आहे. सगळ्यांना समाजाची सेवा करायची आहे. असली पानं वाचून ज्यांना मुलं निवडायची असतात त्यांचं कसं होत असेल?

बिजागरीने चारच ओळी लिहिल्या आहेत. चारही गुडघ्यावर.

उद्या नीट शिकवणार. सदर लिहिताना मी एक गोष्ट पक्की शिकले होते. वाचकाला तुमच्या हुशारीशी देणंघेणं नसतं, त्याला कुणाचं तरी काहीतरी दुखलेलं हवं असतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीन, 'वाचणाऱ्याला रडवा'.

१८ जानेवारी

शिकवणी फळाला आली. एका आठवड्यात वर्गातल्या आज्या पटापट गेल्या. हजरजबाब्याने आपण लहानपणी विहिरीत पडल्याचं लिहिलं, आणि त्याची आई ताईला विचारून गेली की शाळेच्या आवारात विहीर कुठे आहे.

ताईने बोलावून घेतलं. "काय चालवलंयस? शाळा आहे की दवाखाना?"

"परिणाम बघ की. दोन पानं वाचून शिपाई रडला."

"तो कशानेही रडतो. सुट्टी मंजूर झाली तरी रडतो."

घरी नवऱ्याने पानं चाळली. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. खोटं बोलणाऱ्यांवर आम्हा दोघांचंही पोट. मी त्यांची खिल्ली उडवायचे, तो त्यांच्याकडे पुरावा मागतो.

"या सगळ्या आज्या एकाच बसमध्ये होत्या का?" त्याने विचारलं.

"शैली बघ, शैली."

"शैली छानच आहे. आमच्याकडे जेवढे दावे फेटाळले जातात, सगळ्यांची शैली छान असते."

त्याला साहित्यातलं काही कळत नाही.

२२ जानेवारी

बिजागरीला थांबवून घेतलं. म्हटलं, चार ओळींवर कुणी जागा देत नाही. घरात कुणाला पायाचं काही झालंय का?

"नाही."

"शेजारी?"

"शेजारच्यांचा पाय मुरगळला होता."

"काका आहेत ना तुझे? टायरच्या दुकानात जॅक सटकतो, गाडी अंगावर येते. होऊ शकतं की नाही?"

"होऊ शकतं. पण झालं नाही."

मी लिहायला बसले. काय हात चालला! किती दिवसांनी. जॅक सटकतो, काका गाडीखाली, लहानगी पुतणी दारात उभी. मग दवाखाना, मग अंधारलेलं घर, आणि एक दिवस कृत्रिम पाय लावून काका पुन्हा दुकानात उभे राहतात आणि पुतणी ठरवते की आपण हेच काम करायचं. मलाच गहिवरून आलं.

ती शेजारी बसून प्रश्न विचारत होती. "पाय कुठून गेलाय बाई? गुडघ्याच्या वर की खाली?"

"कुठूनही जाऊ दे. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे झालं."

"नाही, वरून गेला असेल तर जिना वेगळा चढतील."

"बरं बाई, खालून."

"डावा की उजवा?"

"डावा. डावा जास्त बिचारा वाटतो."

तिने ते उतरवून घेतलं, पण चेहऱ्यावर अजिबात आनंद नाही. आजकालच्या मुलांना चांगल्या गद्याची किंमत नाही.

३० जानेवारी

पान पाठवलं. मुलाखतीचं बोलावणं आलं. सराव म्हणून टेबलामागे मी बसते, समोर ती. "तुम्हाला हे क्षेत्र का निवडावंसं वाटलं?" असं विचारलं की ती छताकडे बघून पान म्हणते. 'जॅक सटकला'पर्यंत ठीक, पुढे अडकते. मी म्हणते, "इथे आवंढा गीळ." ती पाणी पिते.

"बाई, हे नाही सांगितलं तर?"

"मग काय सांगशील? गुडघा?"

माझंच बरोबर आहे. तरी आज तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा गार झाला.

४ फेब्रुवारी

काका शाळेत येऊन गेले. पुतणीची चौकशी करायला. मोठा, गोल, मोकळा माणूस. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला. वडील परगावी नोकरीला, आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात, त्यामुळे मुलीचं सगळं तेच बघतात.

"नाही मिळालं तरी काही बिघडत नाही बाई," म्हणाले. "दुकान आहेच. मला काउंटरला माणूस हवाच आहे. तिच्या हातात कसब आहे, गेल्या वर्षी माझा जुना जॅक तिनेच खोलून जोडला."

पुतणीला काउंटरवर डांबायला निघालाय आणि कौतुकाने सांगतोय! अशा माणसाचा पाय कापताना मला कसलीही टोचणी लागली नाही, ते बरोबरच होतं.

१० फेब्रुवारी

आज जे झालं ते आधी लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

ताईने मला बिजागरीसोबत संस्थेत पाठवलं होतं. बसथांब्यावर बघते तर टायर लादायची गाडी, आणि चालवायला काका. "म्हटलं मुलगी बसने कशाला जाईल, एवढा मोठा दिवस." इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अर्जातला पाय आठवला, पण विचार केला, बाहेरच बसतील, बसू दे.

संस्थेचं आवार स्वच्छ, शांत. काचेच्या कपाटात पाय ओळीने मांडलेले. बिजागरी कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेना, हाताला धरून न्यावी लागली. आत गेली, दार लागलं. मी आणि काका बाहेर बाकावर.

जरा वेळाने शिपाई आला. "काका कोण? आत बोलावलंय. मॅडमना पाय बघायचाय."

"कुणाचा?" काकांनी विचारलं.

मी त्यांना बाजूला ओढलं. जगातले सगळे लोक गहिवर आला की डोळे पुसतात. पाय बनवणारे लोक गहिवर आला की पाय बघायला मागतात. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

"काका, ऐका. तुम्हाला डावा पाय नाहीये."

"मला?" त्यांनी खाली बघितलं. "कधीपासून?"

"तिच्या अर्जात तसं आहे. गाडीखाली गेला. आता आहे तो नकली आहे. तिच्या जागेचा प्रश्न आहे."

दुसरा कुणी असता तर माझ्यावर ओरडला असता. हा माणूस शर्ट नीट करून लंगडत आत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. मी फटीतून बघत होते, ते लिहायला लाज वाटते, पण बघत होते.

टेबलामागे तिघी-चौघी. मधल्या अध्यक्षबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "या, बसा. कुठे बसवून घेतलात पाय? दाखवता जरा?"

काकांनी पँट वर केली. दणकट, केसाळ पोटरी.

सगळ्या वाकून बघायला लागल्या.

"बघा ना," काका म्हणाले, "किती हुबेहूब बनवलाय."

एकीने खोकला काढला. अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "केससुद्धा लावलेत?"

"जादा सांगून लावून घेतले."

"आणि हा डास चावल्याचा फोड?"

काकांना घाम फुटला होता, पण पठ्ठ्या मागे हटेना. उठून दोन पावलं लंगडून दाखवलं. तेवढ्यात बिजागरी उभी राहिली.

"काका, बास. तुम्ही उजव्याने लंगडताय." मग टेबलाकडे वळली. "यांचे दोन्ही पाय खरे आहेत. यांना काही माहीत नव्हतं."

"हे पान कुणी लिहिलं?"

"मी."

"एकटीने?"

"हो."

परत आल्यावर काकांनी तिला उतरवताना एवढंच म्हटलं, "माझंच चुकलं गं. डावा म्हणाल्या होत्या बाई, आत गेल्यावर विसरलो."

'मी' म्हणाली ती. एक शब्द तिचा नव्हता त्यात. श्रेय घ्यायची हौस कुणाला सुटलीय?

११ फेब्रुवारी

सकाळी संपादकांचा फोन. म्हणाले, "शाळेत शिकवताय म्हणे. शिक्षणावर काहीतरी खुसखुशीत द्या. जमलं तर रविवारचं पान परत सुरू करू."

आणि माझ्याकडे काय आहे ते त्यांना माहीत नाही! बसल्या बसल्या लिहून काढलं. 'केससुद्धा लावलेत?' इथे मी स्वतःच मोठ्याने हसले. नवरा बाहेरून डोकावला. वाचून दाखवलं. तोही हसला, मग विचारलं, "मुलीचं काय झालं?"

"अजून कळलं नाही."

"मग हसायचं की नाही ते तरी कसं कळणार?"

लेख टेबलावर ठेवलाय. पाठवायला हात जात नाही, खोडायलाही जात नाही. घरभर फिरतेय.

१५ फेब्रुवारी

संस्थेचं उत्तर ताईकडे आलं. खोटी माहिती दिल्याने अर्ज रद्द. ताईने ते माझ्यापुढे सरकवलं आणि हजेरीपट तपासायला घेतला.

शाळेतून येताना टायरच्या दुकानावरून आले. वाटेत पडत नाही, तरी आले. बिजागरी काउंटरवर बसली होती. समोरची गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर चढत होती, तिकडे तिचं लक्ष होतं. मला बघून उभी राहिली.

"कुणी लिहिलं ते का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमची नोकरी नवी आहे ना बाई. आधीची पण गेली म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलं होतं."

ताईला चांगलं सुनावणार आहे. माझ्या घरच्या गोष्टी वर्गात सांगायची काय गरज होती? काकांनी आतून चहा आणला. मी घाईत आहे म्हणून उभ्यानेच निघाले. घाई कसली होती, आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

संस्थेत गेले. अध्यक्षबाईंना सांगितलं, ते पान माझं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. आयुष्यात एवढ्या आग्रहाने लेखिका म्हणून नाव लावून घ्यायला मी कुठे गेले नव्हते.

"ती म्हणाली तिचं. तुम्ही म्हणता तुमचं," त्या म्हणाल्या. "पुरावा?"

वर्गाची उरलेली पानं काढून ठेवली, सगळी माझ्याच शिकवणीतली. त्यांनी आज्या वाचल्या, विहीर वाचली. ओठांचा कोपरा जरा हलला, मग पुन्हा सरळ झाला.

"ठीक. म्हणजे मुलगी दोनदा खोटं बोलली. एकदा तुमच्या सांगण्यावरून, एकदा तुम्हाला वाचवायला."

मी हे धरलंच नव्हतं. मी तिला सोडवायला गेले होते, आणि तिच्यावरचा आरोप दुप्पट करून बसले.

"मॅडम, काहीतरी करा. चूक माझी आहे."

"ते दिसतंय. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा त्याला पाय हवा असतो, त्यात खोटं चालत नाही. चुकीच्या मापाने तो पडतो." त्यांनी पानं गोळा करून माझ्यापुढे ठेवली. "पुढच्या सोमवारी तिला पाठवा. एकटीला. कुणी काही शिकवायचं नाही. तुम्ही तर तिच्याशी बोलायचंसुद्धा नाही."

"मी फक्त एवढंच सांगेन की..."

"बघा. लगेच."

२१ फेब्रुवारी

बिजागरीशी बोलायचं नाही हे फार अवघड जातंय. ती दिसली की मी चेंडू मोजते. वर्गाला म्हटलं, पानं परत घ्या, जे खरं आहे तेवढंच लिहा. हजरजबाब्या म्हणाला, "खरं लिहिलं तर अर्धं पान पण भरत नाही बाई." म्हटलं, "मग अर्धंच दे." शिपायाने फळा पुसला, तेव्हा कुठे लक्षात आलं की 'वाचणाऱ्याला रडवा' अजून तिथेच होतं.

संपादकांचा पुन्हा फोन. लेख तयार आहे म्हणाले. म्हणजे मी म्हणाले.

२४ फेब्रुवारी

सोमवार. ती गेली. काकांनी बसथांब्यापर्यंत सोडलं आणि परत आले, हे मी दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानातून पाहिलं. तिथे मी उगाचच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मला खोकला नाही.

काकाही दुकानात बसले नाहीत. एकच टायर दारातून आत नेत होते आणि आतून दारात. आमची नजरानजर झाली. त्यांनी हात वर केला. मीही केला.

१ मार्च

मिळालं. पहिलं सत्र लक्ष ठेवणार, पण नाव यादीत आहे.

मार्गदर्शन कक्षात आली, कपाटाशी उभी राहिली. आता बोलायला परवानगी होती.

"काय विचारलं गं?"

"काही नाही. एक मोडका पाय समोर ठेवला आणि सगळ्या चहाला गेल्या."

"मग?"

"मग मी तो उघडला."

"न विचारता?"

"विचारायला कुणी नव्हतं ना."

"आणि? जमला परत जोडायला?"

"एक स्क्रू उरला."

"अगं बाई! मग काय केलंस?"

"मॅडम आल्यावर त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हा कुठला ते कळलं नाही."

मी असते तर तो स्क्रू खिशात टाकला असता आणि वर एक गोष्ट सांगितली असती.

"गुडघा थांबतो कसा, ते कळलं का मग?"

"थोडं." आणि हसली. पहिल्यांदाच बघितलं हिचं हसू. मग दाराशी जाऊन परत वळली. "बाई, एक सांगू? काकांचं कुठे लिहू नका हं. तुम्ही लिहिता ना पेपरात. ते कुणाला काही बोलणार नाहीत, पण दुकानात लोक येऊन पाय बघायला मागतील."

"छे गं. मी कशाला लिहू?"

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि गेली.

२ मार्च

लेख पुन्हा वाचला. फार चांगला जमलाय. इतका चांगला गेल्या दहा वर्षांत जमला नव्हता. काकांच्या जागी मामा घालून पाहिला, टायरच्या जागी रंगाचं दुकान. मामा दारातून आत येतात तिथे येऊन मी थांबले, कारण इस्त्रीचा शर्ट काकांचाच होता.

दुपारी संपादकांना फोन करून सांगितलं, लेख देता येत नाही.

"तुम्हाला?" ते म्हणाले. "एवढा हातातला विषय? अहो, पान राखून ठेवलंय मी."

"हो. नाही जमला."

"अडलं कुठे?"

म्हटलं, "गोष्ट माझी नाही."

ते हसले. माझं काहीतरी खुसखुशीत चाललंय असं त्यांना वाटलं असावं.